गोषवाऱ्याखाली सही कुणाची?

गेल्या दिवाळीत एका अंकासाठी मी खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईवर लेख लिहिला होता. पुण्यातल्या जुन्या छापखान्यांत चाळीस-चाळीस वर्षे खिळे जुळवलेल्या माणसांच्या घरी बसून, त्यांच्या शिशाने काळवंडलेल्या नखांकडे बघत ऐकलेल्या गोष्टी त्यात होत्या. दोन महिन्यांनी त्यांच्यापैकी एका काकांचा फोन आला. नातवाने मोबाइलवर गोषवारे देणारे एक ॲप उघडून दाखवले होते आणि त्यात माझ्या लेखाचे सहा वाक्यांत सार होते. माझे नाव नव्हते, अंकाचेही नव्हते. काकांना त्याचे काही वाटले नव्हते. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. “ताई, ऑफसेट आल्यावर आम्ही राजीखुशीनं काम सोडलं, असं मी कधी म्हणालो?” ते तसे म्हणाले नव्हते. त्यांनी सांगितले होते ते नेमके उलट होते. एका सोमवारी ते कामावर गेले तेव्हा खिळ्यांच्या केस, म्हणजे खणांच्या पेट्या, रिकाम्या होत्या आणि शिसे किलोवर विकून झाले होते. लेखात हे त्यांच्याच शब्दांत होते. सहा वाक्यांतले पाचवे वाक्य काकांचे नव्हते आणि माझेही नव्हते.

पुढे लिहिणाऱ्या मंडळींच्या एका बैठकीत मी हा प्रसंग सांगितला आणि बघता बघता बैठकीचे दोन तट पडले. एक तट म्हणत होता, ही सरळ चोरी आहे. आम्ही राबायचे आणि यंत्राने सार काढून फुकट वाटायचे. दुसरा म्हणत होता, छापले की ते जगाचे झाले, उसनवारीशिवाय कुठले वाङ्मय उभे राहिले आहे? गंमत म्हणजे पुरावा म्हणून दोघांनी एकच नाव घेतले. १७३१ साली लंडनमध्ये निघालेले ‘जेंटलमन्स मॅगझिन’. मॅगझिन हे नाव धारण करणारे हे पहिले नियतकालिक, आणि त्याचा आरंभ झाला तो दुसऱ्यांच्या पत्रांतल्या मजकुराचे सार छापून. एक म्हणाला, “बघा, पहिल्यापासून चोरांचेच राज्य आहे.” दुसरा म्हणाला, “बघा, चोरीतूनच मासिक जन्माला आले, मग आजच्या यंत्राला का अडवता?” दिल्ली उच्च न्यायालयात २०२४ साली एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय कंपनीवर, आपल्या बातम्या परवानगीशिवाय वापरल्याचा, दावा लावल्यापासून आपल्याकडे हा वाद सगळीकडे याच दोन वाक्यांत अडकून पडला आहे. मला दोन्ही वाक्ये चुकीची वाटतात. गोषवारा करणे हा गुन्हा नाही, ती वाचकाची मोठी सेवा आहे. मात्र गोषवारा करणाऱ्याने मूळ कुणाचे ते सांगितले पाहिजे, न बोललेले शब्द कुणाच्या तोंडी घालता कामा नयेत आणि जाब विचारायला आलेल्या माणसाला त्याचे दार सापडले पाहिजे. ज्या मासिकाचा दाखला दोन्ही बाजू देतात, त्याच्या इतिहासातून मला तरी हेच दिसते.

त्या मासिकाचे सुरुवातीचे अंक आज चित्रप्रतींच्या रूपात कुणालाही पाहता येतात. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मुखपृष्ठावरच बराच वेळ थांबले होते. मधोमध एका जुन्या दगडी वेशीचे लाकडी ठशाचे चित्र आहे. ही लंडनच्या क्लार्कनवेल भागातली सेंट जॉन्स गेट, १५०४ साली बांधलेली, धर्मयोद्ध्यांच्या मठाची. मठ गेला, वेस उरली, आणि त्या वेशीतच हे मासिक छापले जाई. वेस अजून उभी आहे. चित्राच्या एका बाजूला बारीक टाइपात लंडनच्या वृत्तपत्रांची नावे एकाखाली एक लावलेली आहेत, दुसऱ्या बाजूला यॉर्क, डब्लिन, ब्रिस्टल, नॉर्विच अशा बाहेरगावच्या पत्रांची. मराठी जुळाऱ्याने असे पान लावले असते तर त्याला आम्ही शाबासकी दिली असती, इतक्या अरुंद जागेत इतकी नावे बसवली आहेत. मी हे पान पुनःपुन्हा पाहते ते एका साध्या कारणासाठी. ज्यांच्याकडून घेतले त्यांची यादी या माणसाने दर्शनी भिंतीवर टांगली होती. आतही तेच. प्रत्येक सारांशाच्या डोक्यावर मूळ पत्राचे नाव आणि तारीख आहे. ‘क्राफ्ट्समन’ हे तेव्हाचा पंतप्रधान वॉलपोल याच्या विरोधकांचे पत्र काय म्हणते आणि ‘फ्री ब्रिटन’ हे सरकारची बाजू घेणारे पत्र त्यावर काय म्हणते, हे वाचकाला एकाच अंकात शेजारी शेजारी मिळे. ज्याला पुरे मूळ वाचायचे आहे त्याला कुठे जायचे ते कळत होते. चोर पावती लावून जातो का?

हे ज्याने उभे केले तो एडवर्ड केव्ह हा चांभाराचा मुलगा. रग्बीच्या शाळेत शिकला, पण शिक्षण पुरे झाले नाही. लाकडाच्या व्यापाऱ्याकडे राहिला, छापखान्यात उमेदवारी केली आणि शेवटी टपालखात्यात लागला. तिथे त्याच्या हाताखालून गावोगावची वृत्तपत्रे जात. बाहेरगावची पत्रे लंडनच्या मुद्रकांना आणि लंडनच्या बातम्या बाहेरगावच्या मुद्रकांना पुरवण्याचा जोडधंदा त्याने सुरू केला. १७२८ साली पार्लमेंटच्या कामकाजाची टिपणे ग्लॉस्टरच्या पत्राला पाठवल्याबद्दल त्याला सभागृहाने अटक करून समजही दिली. कागदाच्या त्या पुरात रोज उभ्या असलेल्या या कारकुनाला एक गोष्ट दिसली, जी पुस्तकविक्रेत्यांना दिसली नव्हती. पहिल्याच अंकात त्याने हिशेब मांडला आहे: एकट्या लंडनच्या छापखान्यांतून महिन्याला वृत्तपत्रांचे २०० अर्धे ताव बाहेर पडतात आणि बाकीच्या राज्यात जवळजवळ तितकेच. एवढे सगळे कोण विकत घेणार, कोण वाचणार? त्यातले मोलाचे एका कोठारात साठवावे, म्हणून ‘मॅगझिन’. हा शब्द अरबीतल्या ‘मख़ज़न’वरून, म्हणजे कोठार या अर्थाच्या शब्दावरून, युरोपात गेला. आपला ‘खजिना’ त्याच धातूचा. तेव्हा इंग्रजीत मॅगझिन म्हणजे दारूगोळ्याचे किंवा मालाचे कोठार. नियतकालिकाला ते नाव पहिल्यांदा दिले ते या माणसाने. किंमत सहा पेन्स. वर्षानुवर्षे त्याने ही कल्पना लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांपुढे मांडली होती आणि एकानेही हात पुढे केला नव्हता, असे इंग्रजीचे थोर कोशकार डॉक्टर जॉन्सन सांगतात. शेवटी त्याने ती स्वतःच्या जिवावर काढली.

आता गोषवाऱ्याला चोरी म्हणणाऱ्या तटाचा सगळ्यात बळकट मुद्दा. केव्हने त्या साप्ताहिकांना दमडीही दिली नव्हती. आठवडाभर खपून कुणीतरी निबंध लिहायचा, मुद्रांककर भरून तो छापायचा, आणि महिनाअखेरीस केव्हने चाळीस निबंधांचे सार एका अंकात देऊन टाकायचे. कुणाचा ना कुणाचा खप त्याने खाल्ला असणार. हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘ग्रब स्ट्रीट जर्नल’ या साप्ताहिकाने त्याच्यावर झोड उठवली होती ती काही निव्वळ मत्सरापोटी नव्हे. पण पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. १७३२ साली पुस्तकविक्रेत्यांनी एकत्र येऊन ‘लंडन मॅगझिन’ काढले, आणि त्यात काय छापले? त्याच साप्ताहिकांच्या त्याच निबंधांचे सारांश! ज्यांना ती कल्पना काल कवडीमोल वाटली होती, त्यांनी आज तीच उचलली. दोन मासिके पुढची पन्नासएक वर्षे एकमेकांशी भांडत राहिली. चोरीची आरोळी ठोकणाऱ्यांना पुष्कळदा चोरीचे नव्हे तर मक्तेदारी गेल्याचे दुःख असते. आजच्या वादातही मोठमोठ्या वृत्तसमूहांच्या आरोळीत मला तो सूर ऐकू येतो. त्यांनी स्वतः छोट्या जिल्हा पत्रांच्या बातम्या नाव न देता किती वेळा उचलल्या आहेत, हे तालुक्याच्या कुठल्याही वार्ताहराला विचारा.

१७३९ साली हा प्रश्न चांगलाच ऐरणीवर आला. जोसेफ ट्रॅप या धर्मोपदेशकाने अतिधार्मिकपणाचे धोके सांगणारी चार प्रवचने छापली होती. तेव्हा जॉर्ज व्हिटफील्ड या धर्मप्रचारकाच्या मैदानी प्रवचनांना हजारो लोक लोटत होते आणि ट्रॅपचा रोख तिकडेच होता. केव्हने या प्रवचनांचे सार मासिकात द्यायला सुरुवात केली आणि ट्रॅपच्या प्रकाशकांनी हरकत घेतली. केव्हच्या बाजूने युक्तिवाद लिहून काढला तो तिशीच्या, फाटक्या कोटातल्या एका नोकरलेखकाने. त्याचे नाव सॅम्युएल जॉन्सन, म्हणजेच पुढचे डॉक्टर जॉन्सन. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पुस्तक छापून वाचकाच्या हाती गेले की ते तपासले जाणार, खोडले जाणार, त्याचे भाषांतर होणार आणि त्याचा संक्षेपही होणार. लेखकाने ते गृहीत धरूनच पुस्तक जगात सोडलेले असते. लांबलेल्या ग्रंथाचे सार काढणारा माणूस ज्ञानाची वाट सोपी करतो. जॉन्सन केव्हच्या पगारावर होता, तेव्हा तो त्याचीच बाजू घेणार, हे खरे. पण युक्तिवाद म्हणून तो तोलून पाहा. ट्रॅपच्या प्रवचनांचा सारांश ट्रॅपच्या परवानगीशिवाय द्यायचा नाही असे ठरले असते, तर ट्रॅपवर टीका तरी कशी करायची? परवानगी स्तुतीला मिळते, टीकेला नाही.

साधारण त्याच सुमारास कोर्टानेही हाच धागा पकडला. एका कायद्याच्या ग्रंथाच्या संक्षेपावरून लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे इंग्लंडचे वरिष्ठ न्यायाधीश, हार्डविक यांच्यापुढे खटला आला. १७१० च्या कायद्याने ग्रंथकाराला हक्क दिला होता, पण संक्षेपाचे काय ते सांगितले नव्हते. हार्डविक यांनी भेद केला तो असा: नुसती दाखवण्यापुरती काटछाट करून तोच ग्रंथ विकणे हे उल्लंघन, पण ज्यात करणाऱ्याची बुद्धी, अभ्यास आणि विवेक लागला आहे असा प्रामाणिक संक्षेप म्हणजे नवे पुस्तक. पुढे १७६१ मध्ये याच न्यायाचा फटका खुद्द जॉन्सनच्या पुस्तकाला बसला. त्याच्या ‘रासेलस’ या कथेचा संक्षेप दुसऱ्या एका मासिकाने छापला, प्रकाशक कोर्टात गेले आणि हरले. ‘रासेलस’ आपल्याला परके नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्याचे मराठी भाषांतर सुरू केले आणि विष्णुशास्त्र्यांनी ते पुरे केले. ‘निबंधमाले’तून विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सन मराठी वाचकाच्या घरात आणून बसवला. त्याही आधी, १८४० मध्ये, बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले ते इंग्रजी विद्येतले निवडून वेचून मराठीत आणण्यासाठीच. त्यांनी आधी लंडनला पत्रे लिहून परवानग्या मागायला हव्या होत्या, असे आज कुणी म्हणेल का? आपली गद्य भाषा अशा वेचण्यातून, सारातून, भाषांतरातून घडली आहे. संक्षेप म्हणजे चोरी, हे तत्त्व आपण मान्य केले तर सगळ्यात आधी आपल्याच वाडवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागेल.

पण म्हणून दुसऱ्या तटाचे म्हणणे खरे ठरते का? मुळीच नाही. उलट मला त्यांच्यावर जास्त राग आहे, कारण ते या इतिहासाचे अर्धेच पान वाचतात. उरलेल्या अर्ध्या पानावर पार्लमेंटच्या चर्चा आहेत.

सभागृहात काय बोलले जाते ते लोकांना कळता कामा नये, असा तेव्हा दंडक होता. केव्ह अधिवेशन संपल्यावर सभासदांची नावे अर्धवट गाळून चर्चा छापायचा. एप्रिल १७३८ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने ठराव करून तीही वाट बंद केली. जूनच्या अंकापासून केव्हने नवी युक्ती काढली. स्विफ्टच्या कादंबरीतल्या गलिव्हरचा नातू लिलिपुट या बुटक्यांच्या देशाला जाऊन आला आहे आणि तिथल्या मोठ्या सभेतल्या चर्चा त्याने आणल्या आहेत, असा देखावा त्याने रचला. वॉलपोलचा ‘वालेलोप’ झाला, पिटचा ‘प्टिट’, लॉर्डांना ‘हर्गो’ म्हणायचे. मुलानेही ओळखावे इतका तो पडदा विरळ होता. इथपर्यंत मी केव्हच्या बाजूने उभी राहीन. ज्या सभागृहाला कर भरायचा त्यातले बोलणे ऐकायचा हक्क लोकांना आहे, आणि हा हक्क इंग्लंडच्या वाचकाला १७७१ नंतर जो मिळाला तो अशा धाडसी मुद्रकांच्या खांद्यावर बसूनच मिळाला.

प्रश्न पडद्यामागे होता. केव्ह दारवानांना हाताशी धरून माणसे आत पाठवी. त्यांनी आणलेल्या माहितीत कोण बोलला, कोणत्या बाजूने बोलला, कोणत्या क्रमाने बोलला एवढे असे. कधी तेवढेही नसे. त्यावरून भाषणे रचायचे काम जॉन्सनकडे आले आणि १७४१ पासून छापलेल्या चर्चांत जवळजवळ सगळे शब्द त्याचे आहेत. सभागृहाच्या गॅलरीत तो आयुष्यात एकदाच गेला होता. माडीवर बसून, तासाला तीन-तीन स्तंभ या वेगाने, तो एका सभासदाच्या तोंडी आरोप घाली आणि दुसऱ्याच्या तोंडी उत्तर. भाषणे इतकी उतरली की मासिकाचा खप १० हजारांवरून १५ हजारांवर गेला, असे जॉन्सनचा चरित्रकार हॉकिन्स लिहितो. तरुण सभासद विल्यम पिटने ‘तरुण असण्याचा घोर अपराध’ मान्य करत वृद्ध विरोधकाला दिलेले उत्तर पुढे पिढ्यान् पिढ्या इंग्रजी शाळांत पाठ करून घेतले गेले. पिट उठून बोलला हे खरे, पण ती वाक्ये त्याची नव्हती. अनेक वर्षांनी एका जेवणाच्या पंगतीत प्राचीन ग्रीक वक्ता डेमोस्थेनिस याचा भाषांतरकार फिलिप फ्रान्सिस म्हणाला, पिटच्या त्या भाषणाच्या तोडीचे मी दुसरे वाचलेले नाही. जॉन्सन बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ते भाषण मी एक्झेटर स्ट्रीटच्या एका माळ्यावर बसून लिहिले. लॉर्ड चेस्टरफील्ड या उमरावाच्या मरणोत्तर संग्रहात त्याची म्हणून जी भाषणे छापली गेली, त्यांतही जॉन्सनची दोन निघाली.

आता हा प्रसंग माझ्या काकांच्या फोनशेजारी ठेवा. माणूस खरा, विषय खरा, प्रसंग खरा, बाजूही बहुधा खरी, आणि शब्द मात्र दुसऱ्याच कुणाचे. ते इतके घोटीव की मूळ माणसापेक्षा अधिक पटतात. आजची यंत्रे नेमके हेच करतात. त्यांना चार खुणा मिळतात आणि मधली जागा ती सफाईने भरून काढतात. माझ्या लेखात छापखाना होता, ऑफसेट होते, काम सुटणे होते. यंत्राने या तिघांना जोडणारे जे वाक्य ठोकून दिले ते एरवी पुष्कळ ठिकाणी खपून गेले असते. ज्याच्या पोटावर पाय आला होता त्या एकट्यालाच ते खोटे आहे हे कळले. मग या वादात सारखी चोरीचीच चर्चा का? चोरी झाली तर माल निदान जसाच्या तसा राहतो. इथे माल बदलला आणि खाली नाव त्याच माणसाचे राहिले.

जॉन्सनच्या बाजूने बोलणाऱ्यांचे दोन मुद्दे आहेत आणि ते वजनदार आहेत. पहिला, जुन्या इतिहासकारांनीही सेनापतींच्या तोंडी स्वतःची भाषणे घातली आहेत आणि वाचकाला ते संकेत माहीत होते. दुसरा, ती भाषणे नसती तर वाचकाला काहीच मिळाले नसते. पहिल्याला उत्तर असे की संकेत दोन्ही बाजूंना माहीत असेल तरच तो संकेत. लिलिपुटचा पडदा सभागृहाच्या डोळ्यांसाठी होता. वाचकाला त्यातून एवढेच कळत होते की नावे बदलली आहेत, शब्द बदलले आहेत असे त्याला कुणीच सांगितले नव्हते. म्हणून तर फ्रान्सिससारखा विद्वान फसला आणि इतिहासग्रंथांत ती भाषणे खरी म्हणून शिरली. दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर केव्हच्याच मासिकात आहे. त्याच मासिकाने साप्ताहिकांचे सार दिले तेव्हा ते मूळ पत्राचे नाव सांगून दिले होते. मग इथेही ‘सभासद अमुक या बाजूने बोलले, त्याचा आशय हा’ असे छापता आले असते. ते कोरडे झाले असते आणि खप १५ हजारांवर गेला नसता. वाचकाला गोडी लागावी म्हणून खऱ्याच्या अंगावर बेमालूम जरीकाम करायचे, हा मोह तेव्हा माणसाला झाला, आज यंत्र बनवणाऱ्यांना होतो आहे.

जॉन्सनला स्वतःला काय वाटले, हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. लोक ही भाषणे खरी मानतात हे कळल्यावर त्याने ते काम सोडले, असे तो सांगत असे. आणि १७८४ च्या डिसेंबरात, मरणाच्या काही दिवस आधी, मासिकाचे तेव्हाचे संपादक जॉन निकोल्स भेटायला आले तेव्हा तो म्हणाला की आपल्या साऱ्या लेखनात मनाला टोचणी लावणारी गोष्ट एकच, त्या चर्चा. ज्या माणसाने संक्षेपाच्या हक्काचा किल्ला लढवला, ‘रासेलस’चा संक्षेप झाल्यामुळे ज्याला टोचणी लागली नाही, त्याला चाळीस वर्षांनी टोचले ते दुसऱ्याच्या तोंडी घातलेले शब्द. ज्याने ही दोन्ही कामे स्वतःच्या हाताने केली, त्याने काढलेली ही रेघ मला आजच्या सगळ्या कायदेपंडितांच्या मांडणीपेक्षा स्वच्छ वाटते.

एक आक्षेप अजून उरतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणा होईल. केव्हच्या मासिकाशी आजच्या यंत्राची तुलनाच होत नाही, असे माझा एक तरुण मित्र म्हणतो. केव्ह महिन्याला काहीशे कागद वाचत होता. यंत्र सगळ्या जगाचे छापील एका घासात गिळते, आणि मराठीसारख्या भाषेत, जिथे दिवाळी अंकाच्या मानधनात एका महिन्याचा किराणाही येत नाही, तिथे वाचकाने मूळ अंक उघडलाच नाही तर लिहिणारा संपेल. हे मला पटते. आकार बदलला की गुणही बदलतो. पण याचे उत्तर ‘सार काढू नका’ हे नसून ‘परत काय देता?’ हे विचारण्यात आहे. केव्हने सुरुवात केली ती घेण्यापासून, पण तो तिथे थांबला नाही. दहा-पंधरा वर्षांत त्याच्या मासिकातले उसने कमी होत गेले आणि स्वतःसाठी लिहवून घेतलेले वाढत गेले. कवितांच्या स्पर्धेला त्याने ५० पौंडांचे बक्षीस लावले. एलिझाबेथ कार्टर ही विदुषी सोळा-सतरा वर्षांची असल्यापासून ‘एलायझा’ या नावाने त्यात लिहू लागली. बेंजामिन फ्रँकलिनचे विजेवरचे पुस्तक केव्हने छापले आणि पतंगाच्या प्रयोगाचे पत्र डिसेंबर १७५२ च्या अंकात आले. जॉन्सनला लंडनमध्ये पहिली भाकरी याच वेशीत मिळाली. ती फार लोण्याची नव्हती. जॉन्सनने लिहिलेले ‘सॅव्हेजचे चरित्र’ केव्हने १५ गिनींना घेतले, आणि त्याच पुस्तकाची स्तुती करायला एक गृहस्थ केव्हकडे जेवायला आले तेव्हा जॉन्सन कपडे लाज वाटावी असे असल्याने पडद्याआड बसून जेवत होता, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. केव्हला मी संत म्हणत नाही. पण त्याने वाचकांकडून जे गोळा केले त्यातून लिहिणाऱ्यांची एक पिढी पोसली आणि म्हणून ते मासिक त्याच्यामागे दीडशे वर्षांहून अधिक टिकले. आजच्या गोषवारे देणाऱ्यांना विचारायचे ते हेच: तुमच्या वेशीत आमच्यापैकी किती जण जेवतात?

दुसरी गोष्ट मला त्याहूनही जवळची वाटते. १७४७ मध्ये लॉर्ड लोव्हॅटच्या राजद्रोहाच्या खटल्याची हकिकत छापल्याबद्दल हाउस ऑफ लॉर्ड्सने केव्हला पकडून आणले. ‘लंडन मॅगझिन’चा थॉमस ॲस्टलीही पकडला गेला. केव्हला लॉर्डांपुढे गुडघे टेकून माफी मागावी लागली, समज ऐकून आणि खर्च भरून तो सुटला. लॉर्डांचे ते करणे अन्यायाचे होते, यात मला शंका नाही. पण त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पकडायला माणूस होता. संपादक म्हणून तो ‘सिल्व्हेनस अर्बन’ हे टोपणनाव लावत असे, थोडे रानातले, थोडे शहरातले असे नाव. पण मुखपृष्ठावर वेशीचे चित्र होते, खाली पत्ता होता आणि त्या दाराआड कोण बसतो हे सगळ्या लंडनला ठाऊक होते. केव्ह खिडकीबाहेर पाहतो तोही मासिकात काय सुधारता येईल हे शोधायलाच, असे जॉन्सन म्हणायचा. त्याच्या मासिकात खेड्यातला पाद्री, बोटीवरचा डॉक्टर, जुन्या नाण्यांचा नाद असलेला जमीनदार असे कितीतरी लोक पत्रे लिहीत आणि चुका काढीत. ‘मागच्या अंकात तुम्ही अमुक छापले ते बरोबर नाही’ असे ते सुनावत आणि पुढच्या अंकात ते छापून येई. ती सगळी पत्रे एकाच मायन्याने सुरू होतात: ‘मिस्टर अर्बन’.

काकांच्या फोननंतर मी त्या ॲपवर तक्रार कुठे करायची ते शोधत बसले. एक चौकट सापडली. तिच्यात लिहिले, पाठवले. ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असे उत्तर त्याच क्षणी आले, म्हणजे कुणी वाचले नव्हते. सहा वाक्ये आजही तशीच आहेत, पाचव्यासकट. काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “फोनवरचं राहू द्या, मी कागदावरच लिहून देतो. पन्नास वर्षं लोकांच्या चुका दुरुस्त केल्यात, एक माझी करीन.” चार दिवसांनी मी गेले तर खरेच फुलस्केप कागद पुढे होता. अक्षर खिळ्यासारखे सरळ. सोमवारची हकिकत, रिकाम्या केस, किलोवर गेलेले शिसे, सगळे एका पानात बसवले होते. फक्त वरची ओळ कोरी होती. पेन हातात धरून त्यांनी विचारले, “ताई, मायना कुणाच्या नावाचा घालू?”